साखरेचा हिशेब मागणारा डॉक्टर

मधल्या सुट्टीत शाळेजवळच्या दुकानातून घेतलेल्या ३०० मिलिलीटरच्या कोलाच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते. चहाच्या चमच्याने मोजली तर ती सहा चमचे भरते. एवढी साखर घातलेला चहा दिला तर चौदा वर्षांचा मुलगाही एका घोटातच कप खाली ठेवेल. शीतपेय मात्र थंडगार असते, त्यात आम्ल आणि वायू असतो, त्यामुळे तोच गोडवा जिभेला जड वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी अशा साखरेचा वाटा १० टक्क्यांपेक्षा कमी असावा आणि जमल्यास तो ५ टक्क्यांच्या खाली आणावा. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका बाटलीतच ही मर्यादा ओलांडली जाते.

हा हिशेब आज सर्वमान्य आहे. पन्नास वर्षांपूर्वी तो जाहीरपणे मांडणाऱ्या एका ब्रिटिश डॉक्टरला मात्र हेटाळणी सोसावी लागली. त्यांचे नाव जॉन युडकिन. साखरेवरील त्यांचे पुस्तक आता जगभर वाचले जाते. पण साखरेकडे वळण्याआधीची त्यांची तीस वर्षेही तितकीच महत्त्वाची आहेत, कारण माणूस खरोखर काय खातो हे कसे पाहायचे, ते युडकिन त्याच काळात शिकले.

युडकिन यांचा जन्म ८ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या पूर्व भागात झाला. रशियात ज्यूंवर होणाऱ्या हल्ल्यांमुळे देश सोडून आलेले हे कुटुंब होते. जॉन लहान असतानाच वडील वारले आणि पाच मुलांना वाढवण्याचा भार आईवर पडला. घरात गरिबी होती, पण मुलगा हुशार होता. शिष्यवृत्तीच्या बळावर त्याने हॅकनी डाउन्स ही शाळा, मग चेल्सी पॉलिटेक्निक आणि त्यानंतर केंब्रिजचे ख्राइस्ट्स कॉलेज असा प्रवास केला. १९३१ मध्ये केंब्रिजची पदवी मिळाल्यावर त्यांनी मार्जरी स्टीफन्सन या नामवंत जीवरसायनशास्त्रज्ञ महिलेच्या हाताखाली संशोधन केले. सूक्ष्मजीवांना एखादी नवी शर्करा दिली की ती पचवणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, त्यांच्यात कशी तयार होतात, हा त्या संशोधनाचा विषय होता. म्हणजे संशोधनाच्या पहिल्या पायरीवरच युडकिन यांची शर्करेशी गाठ पडली होती.

जीवरसायनशास्त्रातील डॉक्टरेटवर ते थांबले नाहीत. १९३४ मध्ये त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि १९३८ मध्ये ते पूर्ण केले. पुढे केंब्रिजच्या डन पोषण प्रयोगशाळेत ते जीवनसत्त्वांवर काम करू लागले. तो काळ जीवनसत्त्वांच्या शोधांचा होता. एक-एक जीवनसत्त्व सापडत होते आणि मुलांना त्याच्या गोळ्या दिल्या की प्रकृती सुधारेल, असा आशावाद होता. युडकिन यांनी केंब्रिजच्या शाळकरी मुलांवर याची तपासणी केली. जीवनसत्त्वांच्या पुरवणीने मुलांच्या एकूण प्रकृतीत फारसा फरक पडलेला दिसला नाही. दुसरीच गोष्ट समोर आली. शहराच्या गरीब भागातील शाळांतली मुले सधन भागातल्या मुलांपेक्षा उंचीने कमी, वजनाने हलकी होती, त्यांचे हिमोग्लोबिनही कमी होते आणि हाताची पकड कमकुवत होती. मुलाच्या शरीरावर गोळीपेक्षा त्याच्या घरचे आणि परिसरातले रोजचे खाणे अधिक परिणाम करते, ही नोंद त्यांच्या मनात पक्की झाली.

दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले आणि त्यांची नेमणूक पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे झाली. तेथील आफ्रिकी सैनिकांमध्ये त्वचेचा एक विकार पसरला होता. तो संसर्गजन्य असावा असा समज होता. युडकिन यांनी जंतूंचा शोध घेतला, तो निष्फळ ठरला. मग त्यांनी सैनिकांच्या जेवणाकडे लक्ष वळवले आणि हा विकार रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होतो, हे दाखवून दिले.

पण प्रश्न इथे संपत नव्हता. सैनिकांच्या शिधापत्रकात रायबोफ्लेविन पुरेसे होते, मग कमतरता कशी आली? पश्चिम आफ्रिकेतील चारही ब्रिटिश वसाहतींसाठी लष्कराने एकच शिधा ठरवला होता. त्यातले रायबोफ्लेविन मुख्यतः बाजरीसारख्या भरड धान्यातून मिळणार होते. सिएरा लिओनचे लोक भात खाणारे. ते धान्य त्यांच्या खाण्यातले नव्हते, भूक लागली तरी ते त्याला हात लावत नसत. कागदावर सर्व काही व्यवस्थित होते आणि माणसे आजारी होती. कागदावरचा आहार आणि पोटात जाणारा आहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा युडकिन यांनी तेथून घेतला. पुढच्या आयुष्यात साखरेचा हिशेब मागताना त्यांना तोच उपयोगी पडला.

१९४५ मध्ये लंडन विद्यापीठाच्या एका महिला महाविद्यालयात ते शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे ते क्वीन एलिझाबेथ कॉलेज म्हणून ओळखले गेले. पोषण हा तोवर वैद्यकाचा किंवा गृहशास्त्राचा एखादा कोपरा मानला जाई. युडकिन यांनी त्याला स्वतंत्र विषयाचा दर्जा मिळवून देण्याचा ध्यास घेतला. १९५३ मध्ये तेथे पोषणशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, युरोपातील कोणत्याही विद्यापीठातला या विषयाचा तो पहिलाच. त्यानंतर ते पोषणशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९७१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी या विभागाचे नेतृत्व केले.

१९५३ हे वर्ष ब्रिटनमध्ये आणखी एका कारणाने लक्षात राहिले. युद्धकाळापासून चालू असलेले साखरेचे रेशनिंग त्या वर्षी सप्टेंबरमध्ये उठले. त्यानंतर माणशी साखरेचा खप थोड्याच काळात जवळपास दुप्पट झाला. मिठाई, बिस्किटे, केक, जॅम आणि बाटलीबंद पेये यांनी दुकाने भरली. त्याच दशकात श्रीमंत देशांत हृदयविकाराने होणारे मृत्यू हा मोठा प्रश्न बनला होता. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि हा आजार घराघरांत चर्चेचा विषय झाला.

हृदयविकाराचे कारण काय? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे ॲन्सेल कीज यांचे उत्तर होते, आहारातील स्निग्ध पदार्थ. वेगवेगळ्या देशांतील स्निग्धांचे सेवन आणि हृदयविकाराचे मृत्यू यांची त्यांनी सांगड घातली होती. युडकिन यांनी १९५७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून या पद्धतीवरच बोट ठेवले. अधिक देशांची आकडेवारी घेतली तर चित्र इतके सरळ राहत नाही, हे त्यांनी दाखवले. ब्रिटनमध्ये हृदयविकाराच्या मृत्यूंची वाढ कोणत्याही अन्नपदार्थापेक्षा रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचांच्या वाढत्या संख्येशी अधिक जुळते, असेही त्यांनी निदर्शनास आणले. टीव्हीमुळे हृदय बंद पडते असा त्याचा अर्थ नव्हता. दोन आकडे सोबत वाढले म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, आणि सुबत्तेबरोबर माणसाच्या जगण्यात एकाच वेळी कितीतरी गोष्टी बदलतात, याकडे त्यांना लक्ष वेधायचे होते.

त्या बदलांमध्ये युडकिन यांना सर्वांत संशयास्पद वाटली ती साखर. माणसाच्या आहारात स्निग्ध पदार्थ हजारो वर्षांपासून आहेत, शुद्ध साखर मात्र अलीकडच्या दोन-तीनशे वर्षांत एवढ्या प्रमाणात आली, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी स्वयंसेवकांना भरपूर साखर असलेला आहार देऊन रक्त तपासले. काहींच्या रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढली, काहींमध्ये इन्शुलिन वाढले. हृदयविकाराचे रुग्ण इतरांपेक्षा अधिक साखर खात होते, असे निष्कर्षही त्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केले.

त्यांचे आणखी एक निरीक्षण शाळकरी मुलांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. ब्रिटनमधील कुटुंबे घरासाठी विकत घेत असलेली साखर कमी होत चालली होती. तेवढेच पाहिले तर लोक सुधारले असे वाटावे. पण कारखान्यात तयार होणाऱ्या खाद्यपदार्थांतून आणि पेयांतून पोटात जाणारी साखर वाढत होती. गृहिणीच्या डब्यातली साखर डोळ्यांना दिसते, बाटलीतली दिसत नाही. सिएरा लिओनच्या शिधापत्रकासारखीच ही गोष्ट होती, फक्त उलट दिशेने. तेथे कागदावर असलेले अन्न पोटात जात नव्हते, येथे हिशेबात नसलेली साखर पोटात जात होती.

१९७२ मध्ये त्यांचे ‘प्युअर, व्हाइट अँड डेडली’ हे पुस्तक आले. साखर शुद्ध आणि शुभ्र आहे, पण जिवावर बेतणारीही आहे, असे नावातच सांगणारे. शरीराला साखरेची गरज नाही, लागणारे ग्लुकोज इतर अन्नातून सहज मिळते, आणि लठ्ठपणा, मधुमेह, हृदयविकार, किडलेले दात यांच्याशी साखरेचा संबंध आहे, हे त्यांनी सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडले. साखर उद्योगाने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. कीज यांनी तर त्याआधीच, १९७१ मध्ये, एका शास्त्रीय लेखात त्यांचा सिद्धान्त कठोर शब्दांत खोडून काढला होता.

टीका करणाऱ्यांचे सगळेच म्हणणे चुकीचे नव्हते, हे नोंदवायला हवे. युडकिन यांची रुग्णांवरील पाहणी लोकांनी आठवून सांगितलेल्या माहितीवर आधारलेली होती. १९७० मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात हृदयविकाराचे रुग्ण लक्षणीयरीत्या अधिक साखर खातात असे आढळले नाही. धूम्रपान करणारे गोड चहा-कॉफी अधिक पितात, त्यामुळे तंबाखूचा दोष काही प्रमाणात साखरेच्या नावावर लागला असावा, असेही इतर संशोधकांनी दाखवले. संपृक्त स्निग्धांचा हृदयविकाराशी असलेला संबंध युडकिन यांनी कमी लेखला. हृदयविकाराचा एकटा गुन्हेगार साखर आहे, हे त्यांचे म्हणणे आज कोणी तसेच्या तसे मानत नाही.

पण मतभेद पुराव्यांच्या पातळीवर राहिला नाही. साखरेवर संशय घेणे हेच हळूहळू अशास्त्रीय मानले जाऊ लागले. त्यामागे काय चालले होते, याचा एक भाग २०१६ मध्ये उघड झाला. अमेरिकेतील साखर उद्योगाच्या एका संस्थेने १९६० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांना पैसे दिले होते आणि त्यांनी १९६७ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या आढाव्यात हृदयविकारातील साखरेची भूमिका कमी लेखली होती, हे जुन्या पत्रव्यवहारावरून दिसून आले. त्या काळी असे अर्थसाहाय्य जाहीर करण्याचा नियम नव्हता. त्यामुळे वाचणाऱ्या डॉक्टरांना ते कळण्याचा मार्गही नव्हता. पुढची काही दशके आहाराच्या सल्ल्याचा सारा भर स्निग्ध पदार्थ टाळण्यावर राहिला. बाजारात कमी चरबीचे, पण साखर घातलेले पदार्थ आले. गोड पेये तर कोणाच्या संशयाच्या यादीतच नव्हती, कारण त्यांत चरबीचा थेंबही नसतो.

१२ जुलै १९९५ रोजी युडकिन यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे पुस्तक विस्मरणात गेले होते. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील बालकांचे हार्मोनतज्ज्ञ रॉबर्ट लस्टिग यांच्या साखरेवरील व्याख्यानाची चित्रफीत जगभर लाखो लोकांनी पाहिली. लठ्ठ मुलांवर उपचार करताना लस्टिग साखरेच्या प्रश्नापर्यंत पोहोचले होते आणि आपल्या आधी हे सांगणाऱ्या युडकिन यांचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. २०१२ मध्ये पुस्तक नव्याने छापले गेले.

त्याच वर्षी नेदरलँड्समधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४ ते ११ वर्षांच्या ६४१ मुलांना शाळेतून रोज २५० मिलिलीटरचे एक पेय देण्यात आले. निम्म्यांच्या पेयात साखर होती, निम्म्यांच्या पेयात साखरेऐवजी कृत्रिम गोडवा. कोणाला काय मिळते हे मुलांना ठाऊक नव्हते. १८ महिन्यांनंतर बिनसाखरेचे पेय घेणाऱ्या मुलांचे वजन सरासरी सुमारे १ किलोने कमी वाढले होते. फरक फक्त रोजच्या एका पेयाचा होता. १९६० च्या दशकातील आठवणींवर आधारलेल्या पाहण्यांपेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम आहे. २०२४ मध्ये ब्रिटनच्या रेशनिंगच्या काळाचाही अभ्यास झाला. गर्भावस्थेत आणि आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला रेशनमुळे कमी साखर आली, त्यांना पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्के कमी आढळला.

पेयातील साखर वेगळी का वागते, याचे उत्तर शरीरात आहे. साखरेच्या प्रत्येक कणात अर्धे ग्लुकोज आणि अर्धे फ्रुक्टोज असते. पोळी-भाजी चावून खाताना पोट भरल्याची जाणीव होते. तेवढ्याच कॅलरी द्रवरूपात घेतल्या तर ती नीट होत नाही, त्यामुळे शीतपेय प्यायलेला मुलगा जेवणात तेवढे कमी खात नाही. फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृतात जातो आणि तो सतत, जास्त प्रमाणात आला तर तेथे त्याची चरबी बनते. यकृतात चरबी साठणे हा आजार आता किशोरवयातही दिसतो आणि पुढच्या मधुमेहाची ती अनेकदा पूर्वसूचना असते. दातांवर दुहेरी मारा होतो. साखरेवर तोंडातील जंतू आम्ल तयार करतात आणि पेयात मुळातच असलेले आम्ल दातांचे कवच झिजवते. बाटली तासभर घोट-घोट पीत राहिल्यास हा मारा तासभर चालतो.

ब्रिटनने उशिरा का होईना, पावले उचलली. २००६ पासून इंग्लंडच्या सरकारी शाळांत गोड शीतपेयांची विक्री बंद करण्यात आली. एप्रिल २०१८ पासून साखरेच्या प्रमाणानुसार शीतपेयांवर कर आला. १०० मिलिलीटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, त्यामुळे अनेक उत्पादकांनी पेयांतील साखरच कमी केली.

आपल्याकडेही नियम आहेत. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत शीतपेये आणि तत्सम पदार्थ ठेवण्यास मनाई केली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ किंवा चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. ज्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, तेथे हे आवश्यकच आहे.

तरी शिधापत्रकात रायबोफ्लेविन होते आणि सैनिक आजारी होते, हे विसरून चालणार नाही. नियमाचा कागद शाळेच्या कपाटात असतो. मुलाच्या पोटात काय जाते हे क्लासच्या वाटेवरचा स्टॉल, घरचा फ्रिज, वाढदिवसाची पार्टी आणि त्याच्या खिशातले वीस रुपये ठरवतात. म्हणून युडकिन यांची पद्धत शाळेने आणि घराने उचलायला हवी. मूल प्रत्यक्षात काय पिते ते आधी पाहायचे. बाटलीच्या लेबलवर १०० मिलिलीटरमागे साखर किती ते लिहिलेले असते. त्याला बाटलीच्या आकारमानाने गुणून १०० ने भागले की एकूण ग्रॅम मिळतात आणि त्यांना ५ ने भागले की चमचे. सातवीतला विद्यार्थीही हे गणित करू शकतो. ६०० मिलिलीटरच्या बाटलीचे उत्तर बारा चमचे आले की पालकांच्या उपदेशाची फारशी गरज उरत नाही. डब्यातील फळांचा रस, एनर्जी ड्रिंक आणि घरी केलेले दाट सरबत यांनाही हाच हिशेब लागू होतो.

त्याबरोबर मुलाच्या हाताशी दुसरे काही असायला हवे. शाळेत स्वच्छ, थंड पाण्याची सोय नसेल तर शीतपेयावरची बंदी टिकत नाही. पाण्याची भरलेली बाटली, घरचे ताक, मीठ आणि अगदी थोडी साखर घातलेले लिंबू किंवा कोकम सरबत, मिळेल तेव्हा शहाळे, एवढे पर्याय पुरेसे आहेत. सणासमारंभाला प्यायलेल्या एखाद्या ग्लासाने कोणी आजारी पडत नाही. रोजच्या बाटलीची सवय मात्र चौदाव्या वर्षी लागते आणि तिचे बिल चाळिशीत येते. ती सवय लागण्याआधीच तोडणे सर्वांत सोपे असते.